बाबांचं आऊटबोर्ड मशीन अकरा वर्षांनी उघडलंय (घरच्या घरी दुरुस्ती)

वाघोटणकाठ | ८ जून, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

आमचं घर विजयदुर्गच्या आत, वाघोटण खाडीच्या काठाला. बाबांचं एक आऊटबोर्ड मशीन आहे, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. जपानी, ८ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं), दोरी ओढून चालू करायचं. त्यावर बाबांनी वीसेक वर्षं खाडीत जाळी टाकली. अकरा वर्षांपूर्वी ते दगा द्यायला लागलं. सकाळी एका ओढीत चालू व्हायचं, दहा-बारा मिनिटं नीट चालायचं आणि मग आवाज जड होत होत बंद पडायचं. अर्धा तास थांबलं की परत चालू. तेव्हा ज्या कारागिराला दाखवलं त्याने वरची टोपी काढून पाहिलं आणि सांगितलं, ब्लॉक (इंजिनचं मुख्य अंग) गेलाय, भंगारात घाला.

बाबांनी घातलं नाही. पडवीत लाकडी घोडीवर टांगून ठेवलं, वर गोणपाट टाकलं आणि परत वल्हं हातात घेतलं. आता ते ७४ वर्षांचे आहेत, उजवा खांदा वर जात नाही, पण खाडीत जायचं सोडवत नाही. म्हणून हे मशीन चालू करायचं मी मनावर घेतलंय.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. मोटरसायकल आणि विहिरीवरचा पंप उघडून परत जोडलेला आहे, तेवढाच अनुभव. १ जूनपासून यांत्रिकी मासेमारी बंद झाली, ती ३१ जुलैपर्यंत. मीही तोवर गावातूनच काम करणार आहे. दोन महिने हातात आहेत.

आज टोपी काढली. दोरी एक इंचभरही येत नाही, फ्लायव्हील (वरचं जड चाक) जाम आहे. टाकीत तळाला पेट्रोलचा काकवीसारखा थर, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. बोल्टांच्या डोक्यांभोवती पांढरी भुकटी. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची एक पात टोकाला चेपलेली. आत कोळ्यांनी घर केलंय, पण कुठे तडा दिसत नाही.

सुरुवात कुठून करू?

---

रापणकर | ८ जून, रात्री ११:०२

दोरी ओढू नको हां. आधी सांगतंय ता ऐक.

मालवणात माझा जन्म या मशीनांत गेलाय, म्हणून हक्काने सांगतो. जाम झालेलं मशीन जोर लावून सोडवणारे लोक पिस्टनच्या रिंगा मोडतात. दोन्ही प्लग काढ. मशीन घोडीवरून उतरवून असं आडवं निजव की प्लगची भोकं आभाळाकडे राहतील. त्याआधी ते उभं धरून आतलं पाणी पूर्ण निथळू दे, नाहीतर खालचं पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरात जाईल. मग डिझेल आणि इंजिन ऑईल अर्धं-अर्धं करून प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे सोड. फडक्याचे बोळे घाल आणि तीन दिवस त्याच्याकडे बघू नको.

तिसऱ्या दिवशी फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून हलकं वळव. घड्याळाच्या दिशेनेच. उलटं फिरवलंस तर खाली पाण्याच्या पंपात रबरी पात्या आहेत, त्या उलट्या मुडपतात.

आणि "दहा मिनिटांनी बंद, थंड झालं की चालू" हे ब्लॉक गेल्याचं लक्षण नव्हे. ब्लॉक गेला तर ते सकाळीपण चालू होणार नाही. हे मशीन थंड करणाऱ्या पाण्याचं दुखणं वाटतं. बघू.

---

नवखी | ९ जून, सकाळी ७:४५

वाचतेय. रेवदंड्याला माझ्या सासऱ्यांचं असंच एक मशीन पडून आहे. फोटो टाकत राहा.

---

मांडवीपार | ९ जून, दुपारी १:२०

पणजीहून लिहितोय. पेट्रोलबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण चालू करायच्या वेळी सगळे हेच विसरतात.

तुमच्या बाबांनी हे मशीन वापरलं तेव्हाचं पेट्रोल आणि आज पंपावर मिळतं ते, यात फरक आहे. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढतं. आपल्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, टाकीचं झाकण सैल राहिलं की हवेतलं पाणी आत येतं. एका हद्दीपलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि वर इथेनॉल निघून गेलेलं पेट्रोल उरतं. मशीनची नळी तळातूनच ओढते. म्हणजे सिलिंडरला जे मिळतं त्यात ना पुरेसं पेट्रोल, ना ऑईल.

खात्री करायची तर खुणा असलेला काचेचा उभा ग्लास घ्या. १०० मिली पेट्रोल, १० मिली पाणी. झाकून हलवा, दहा मिनिटं ठेवा. तळातलं पाणी १० च्या जागी ३० मिलीच्या जवळपास दिसेल. ती वाढ म्हणजे इथेनॉल. (उघड्यावर करा, जवळ आग नको.)

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या मशीनची पेट्रोलची नळी, हाताने दाबायचा फुगा, पेट्रोल पंपातला पातळ पडदा, कार्ब्युरेटरची सीलं हे सगळं इथेनॉलने फुगतं किंवा चिकट होतं. दिसायला चांगलं असलं तरी सगळं नवं घाला. खर्च फार नाही, आणि खाडीच्या मध्यावर नळी फुटली तर पेट्रोल होडीत सांडतं.

---

वाघोटणकाठ | १२ जून, रात्री ९:३०

सुटलं!

रापणकर काका, अगदी तुम्ही सांगितलंत तसं केलं. पहिल्या दोन रात्री मी हात लावला नाही. तिसऱ्या रात्री पाना लावून तळहाताने नुसता दाब दिला. काही नाही. परत दिला. मग आतून बारीक "चुर्र" असा आवाज आला, कोरड्या पाटावरून वाळू सरकावी तसा, आणि पाना नखभर फिरला. तिथेच थांबलो, आणखी थोडं तेल सोडलं. आज सकाळी एक पूर्ण फेरा झाला. बाबा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "पिस्टन वर आला की पाना जड होतो ना? मग दाब आहे."

मोटरसायकलवाल्या मित्राकडून दाब मोजायचं घड्याळ आणलं. वरचं सिलिंडर ११८ पीएसआय, खालचं ११५.

---

धातुविचार | १२ जून, रात्री १०:१५

अभिनंदन. पण हे आकडे अजून खरे धरू नका. सिलिंडरात तेल आहे, ते रिंगांच्या फटी बुजवतं आणि दाब आहे त्याहून जास्त दिसतो. मशीन एकदा चालून तेल जळालं की परत मोजा. शंभराच्या आसपास आले तरी या आकाराच्या मशीनला चालेल. बघायचं ते हे, की दोन्ही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. फरक कमी असणं हे एका मोठ्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचं.

---

वाघोटणकाठ | १६ जून, रात्री ११:४०

आज खालचा भाग काढायला घेतला आणि एक बोल्ट तुटला. पाच बोल्टांपैकी चार आले. पाचवा अर्धा फेरा फिरला, मग पाना अचानक हलका झाला. डोकं पान्यात, दांडा आत. हातातली ती जाणीव अजून जात नाही.

आता काय?

---

धातुविचार | १७ जून, सकाळी ६:५०

हे होणारच होतं, तुमच्या हाताचा दोष नाही. स्टेनलेसचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं अंग आणि दोघांना जोडणारं खारं पाणी ही एक बॅटरीच आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती आट्यांत भरते आणि बोल्टाला आवळते. तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलं होतं ना, डोक्यांभोवती पांढरी भुकटी? तीच.

दांडा बाहेर थोडा उरलाय का? उरला असेल तर त्यावर नट बसवून वेल्डरकडून आतल्या बाजूने टाका मारून घ्या. वेल्डिंगची उष्णता भुकटी मोडते आणि नट पकडायला मिळतो. दहातले सात तरी असेच निघतात, हा माझ्या कामातला अनुभव. दांडा सपाट तुटला असेल तर मध्यभागी नेमका ठोका मारून डाव्या आट्याच्या ड्रिलने भोक पाडा. बरेचदा ड्रिल धरतं आणि दांडा आपोआप बाहेर फिरत येतो. आतून पकडून बाहेर काढणारं कडक पोलादाचं हत्यार मात्र वापरू नका. ते आत मोडलं तर त्यावर ड्रिलही चालत नाही.

उरलेले बोल्ट काढताना आधी तापवा. अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, भोक सैल पडतं. तापलेलं असतानाच मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत शिरतं. अ‍ॅसिटोन आणि गिअरचं पातळ एटीएफ तेल अर्धं-अर्धं मिसळूनही चालतं, पण ते तापलेल्या भागावर अजिबात घालायचं नाही. भडका उडेल.

---

उत्तरसरोवर | १७ जून, सकाळी ८:३०

मिनेसोटाहून. इथे दहा हजारांवर तळी आहेत आणि घरोघरी गॅरेजमध्ये जुनी आऊटबोर्डं टांगलेली असतात. माझ्याकडे १९५० च्या दशकातलं १० अश्वशक्तीचं जॉन्सन आहे, मी दोन हिवाळे त्यावर घालवले.

आऊटबोर्ड ज्या भागात वाढलं तो भाग इथून जवळ. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेतून आलेला कारागीर, त्याने १९०९ मध्ये मिलवॉकीत आऊटबोर्ड विकायला सुरुवात केली. एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं पुढे एकाच कंपनीत आली. ती कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन कायमचं थांबलं. तरी साठ-सत्तर वर्षांच्या मशीनचे सुटे भाग अजून नवे मिळतात, कारण दुरुस्त करणारे लोक टिकून आहेत.

आमच्याकडचं दुखणं वेगळं. पाणी गोडं, बोल्ट सहज निघतात. पण गिअरच्या डब्यात पाणी राहिलं तर हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो आणि डबा फुटतो. त्या काळच्या जॉन्सनमध्ये फ्लायव्हीलखालच्या कॉइलचं आवरण तडकतं, स्पार्क जातो. तुमचं मशीन त्यामानाने नवं आहे, त्यात जुने पॉइंट नसून सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पार्क असणार. स्पार्क तपासलात का? फ्लायव्हील काढायची वेळ आलीच तर त्याच्या कडेला जबडा लावून ओढू नका, हातोडा तर नकोच. मध्यभागी तीन आट्यांची भोकं असतात, तिथे पुलर लावा. आतल्या चुंबकांचा चिकटा सुटला की फ्लायव्हील फेकूनच द्यावं लागतं.

---

वाघोटणकाठ | २१ जून, रात्री १०:००

बोल्ट निघाला. दांडा सव्वा इंच बाहेर होता, देवगडच्या वेल्डरने नट टाकून दिला. थंड झाल्यावर पान्याला इतका अलगद आला की विश्वास बसेना.

खालचा भाग सुटल्यावर दोन गोष्टी सापडल्या.

पंपाचं झाकण उघडलं. आतला रबरी इम्पेलर सहा पात्यांचा. तीनच शिल्लक, त्याही एका बाजूला वाकून लाकडासारख्या कडक झालेल्या. बाबांना दाखवला तर त्यांनी नख मारून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. नवा मागवलाय, सोबत पंपाची स्टीलची वाटी, तळपट्टी आणि गॅस्केटं.

दुसरी गोष्ट, गिअरचं ऑईल. खालचा स्क्रू काढल्यावर दुधाच्या चहासारखं बाहेर आलं.

स्पार्क दोन्ही प्लगवर निळा आणि जोरदार आहे. प्लग नवे आणलेत.

---

रापणकर | २१ जून, रात्री १०:४०

दुधाळ ऑईल म्हणजे पाणी गेलंय. पंखा काढ आणि त्याच्या मागे दांड्याभोवती बघ. तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा) सापडेल, पैज लावून सांगतो.

---

वाघोटणकाठ | २२ जून, सकाळी ९:१५

सापडला. केसांच्या गुंडाळीसारखा, दोन बोटं जाड थर, उन्हाने पिवळा पडलेला. दांड्याच्या सीलची ओठासारखी कडा त्याने पूर्ण कापलीय. चिमट्याने काढायला पाऊण तास लागला.

---

रापणकर | २२ जून, सकाळी ९:५०

जाळ्याचा तंगूस दांड्यात गुंतला की पंखा फिरताना तो आत आत घुसतो आणि सील कापतो. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी पंखा काढून बघायचा नियम आहे, आणि तो न पाळणाऱ्याचा गिअर जातो. दोन्ही सीलं बदल. कोणती बाजू बाहेर ते काढायच्या आधी फोटो काढून ठेव. नवं सील बसवताना कडेला ग्रीस, आणि सॉकेटच्या सपाट तोंडाने सगळीकडून सारखं दाबायचं.

ऑईल भरताना वरून ओतू नको. खालच्या भोकातून दाबून भर, वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लाव, मग खालचा. वरून ओतलंस तर आत हवा अडकते.

---

नवखी | २२ जून, दुपारी ४:००

एक विचारू का? एवढं सगळं बदलायचं तर नवंच का घेऊ नये? मी सासऱ्यांना हेच सांगत होते, त्यांना राग आला.

---

वाघोटणकाठ | २२ जून, रात्री ८:२०

नवखी ताई, आतापर्यंतचा माझा खर्च साडेचार हजार झालाय, वेल्डर धरून. नव्याची किंमत लाखाच्या पुढे ऐकतोय. पण मला पैशापेक्षा एक गोष्ट जास्त वाटते. बाबांना या मशीनचा प्रत्येक आवाज ठाऊक आहे. चोक कधी बंद करायचा, कुठल्या आवाजाला वेग कमी करायचा, हे त्यांच्या हातात आहे. ७४ व्या वर्षी त्यांना नवं मशीन शिकवण्यापेक्षा जुनं परत देणं मला योग्य वाटतं.

सासऱ्यांच्या मशीनचा पिस्टन फिरतो का तेवढं आधी बघा. फिरत असेल आणि दोन्ही सिलिंडरांत दाब सारखा असेल तर ते वाचवण्यासारखं आहे. डब्याला तडा असेल किंवा गिअरचे दात गेले असतील तर मीही नवं घ्या म्हणेन.

---

मांडवीपार | २४ जून, सकाळी ११:३०

कार्ब्युरेटर उघडलात की सांगा. जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) स्टीलची तार घालू नका, पितळ खरवडतं आणि भोक मोठं होतं. कपडे धुवायच्या नायलॉन ब्रशचा एक केस किंवा विजेच्या वायरमधला तांब्याचा एक तंतू पुरतो.

आणि ऑईल. स्कूटरचं टू-टी घालू नका. ते हवेवर थंड होणाऱ्या, खूप तापणाऱ्या इंजिनांसाठी असतं, त्यात राख सोडणारी द्रव्यं असतात. पाण्यावर थंड होणारं मशीन त्यामानाने थंड चालतं, राख प्लगवर आणि रिंगांत साठते. डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलंच घ्या.

---

वाघोटणकाठ | २ जुलै, रात्री ९:००

आज चालू केलं.

कार्ब्युरेटरच्या वाटीत हिरवट मेणासारखा थर होता, तो दोन दिवस भिजवून काढला. मंद गतीचं जेट पूर्ण बंद होतं. उजेडाकडे धरलं की टाचणीच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसेपर्यंत साफ केलं. नळी, फुगा, पंपाचा पडदा सगळं नवं. हवेचा स्क्रू आधी अलगद पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला. पेट्रोल ताजं, लिटरला ४० मिली ऑईल, कारण पहिले काही तास जास्त द्यावं असं वाटलं. पुढे २० मिलीवर आणीन.

नवा इम्पेलर बसवताना त्याला साबणाचं पाणी लावलं आणि दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत वाटी खाली दाबली, म्हणजे सगळ्या पात्या योग्य बाजूला वाकतात. दांड्याच्या दातांना ग्रीस, वरच्या टोकाला नाही. तिथे ग्रीस साठलं तर दांडा पूर्ण वर बसत नाही, हे रापणकर काकांनी फोनवर सांगितलं म्हणून वाचलो.

दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरलं, पंखा काढून ठेवला, मशीन फळीला लावलं. नवव्या ओढीला फटफटलं, अकराव्याला पकडलं. निळा धूर पडवीभर. आई कोंबड्या हाकलत आली. मागून पाण्याची धार पेनाएवढी जाड. बाबा उठून उभे राहिले.

सात मिनिटांनी धार बारीक झाली. मग थेंब. सिलिंडरच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडाला. ताबडतोब बंद केलं.

म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचं दुखणं जसंच्या तसं आहे. इम्पेलर नवा आहे, वाटी नवी आहे. आज मला काही सुचत नाही.

---

रापणकर | २ जुलै, रात्री ९:२०

बंद केलंस ते बरं केलंस. आता एकाच गोष्टीचं उत्तर दे. जुन्या इम्पेलरच्या तीन पात्या तुटल्या होत्या. ते तीन तुकडे तुला कुठे मिळाले?

---

वाघोटणकाठ | २ जुलै, रात्री ९:२४

मिळाले नाहीत. मी शोधलेच नव्हते.

---

रापणकर | २ जुलै, रात्री ९:४५

मग ते आत आहेत. पंप पाणी वर ढकलतो, तुकडेसुद्धा पाण्याबरोबर वरच गेले. थंड असताना कडेने पाणी जातं, मशीन तापलं की रबर फुगतं, जागचं हलतं आणि वाट बंद करतं. पाण्याच्या उभ्या नळीचं वरचं तोंड बघ, मग थर्मोस्टॅटचं (मशीन तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं) झाकण उघड. तिन्ही तुकडे हातात येईपर्यंत मशीन जोडायचं नाही. इम्पेलर तुटला की तुकडे मोजायचे. कारागीर घाईत नवा इम्पेलर टाकतो आणि तुकडे विसरतो, मग गिऱ्हाईक ब्लॉक गेला म्हणून रडतं.

---

धातुविचार | ३ जुलै, सकाळी ७:१०

थर्मोस्टॅट काढलात की गरम पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून तपासा, शेजारी थर्मामीटर. उघडण्याचं तापमान बहुतेक त्यावरच कोरलेलं असतं. गाडीचा ८० अंशांच्या वर उघडतो, आऊटबोर्डचा त्याच्या कितीतरी आधी, ५०-६० च्या दरम्यान. खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार आतल्या भिंतींवर बसायला लागतात, म्हणून ही मशीनं मुद्दाम थंड ठेवलेली असतात. त्यामुळे गाडीचा थर्मोस्टॅट माप जुळलं तरी बसवू नका.

आणि मागची धार चांगली आहे म्हणजे डोकं थंड आहे असं समजू नका. बऱ्याच मशीनांत ती धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटून बाहेर येते. धार सांगते की पंप चालतोय. डोकं किती तापलंय ते हाताने किंवा थेंबानेच कळतं.

---

वाघोटणकाठ | ५ जुलै, रात्री ११:१५

पहिला तुकडा पाण्याच्या नळीच्या वरच्या तोंडाशी, रबरी बुचाखाली. दुसरा त्याच्याच मागे, आडवा.

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट तापवून, मेण लावून, दोन दिवस घेऊन काढले. एकही तुटला नाही. झाकण उचललं तर आत साखरेच्या खड्यांसारखा खार भरलेला. थर्मोस्टॅट दिसतसुद्धा नव्हता. बाभळीच्या काडीने उकरत गेलो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत दगड झालेला, उकळत्या पाण्यातही हलला नाही. त्याच्या खालच्या वाटेत, कोपऱ्यात दुमडून बसलेला तिसरा तुकडा. कडेला अजून साच्याची रेघ दिसते.

तिन्ही तुकडे जुन्या इम्पेलरला लावून पाहिले. तुटलेल्या कडा जुळल्या. बाबांनी तो इम्पेलर तळहातावर घेतला, बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "एवढ्यासाठी अकरा वर्षं वल्हं मारलं."

उरलेल्या वाटांतला खार कसा काढू? आम्ल घालू का?

---

धातुविचार | ६ जुलै, सकाळी ६:४०

आधी नुसतं कोमट गोडं पाणी. मीठ पाण्यातच विरघळतं, त्याला आम्ल लागत नाही. दिवसभर भिजत ठेवा, पाणी तीन-चारदा बदला. त्यानंतरही पांढरा टणक थर उरला तर तो चुनखडीसारखा आहे, त्याला पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूफुलाचं सौम्य पाणी लावा. बुडबुडे थांबले की लगेच धुवा. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको, ते थराआधी अ‍ॅल्युमिनियम खाईल.

झिंकचा ठोकळा बघितलात का? पंख्याच्या वर, पाण्यात बुडणारा. निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला. तो झिजतो म्हणून मशीन झिजत नाही.

---

उत्तरसरोवर | ६ जुलै, सकाळी ८:०५

तिसऱ्या तुकड्याचं वाचून इथे एकटाच टाळ्या वाजवल्या.

झिंकबद्दल पुस्ती: नवा रंग द्यायला घ्याल तेव्हा त्या ठोकळ्यावर रंग मारू नका. मी पाहिलेल्या जुन्या मशीनांपैकी बऱ्याच मशीनांवर मालकांनी हौसेने सगळीकडे रंग मारलेला होता. रंगाखाली गेलेला ठोकळा काहीच काम करत नाही. आम्ही गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लावतो, तुमच्या खाडीला झिंकच हवं.

---

नवखी | १४ जुलै, संध्याकाळी ६:३०

सासऱ्यांच्या मशीनमध्ये डिझेल-ऑईल सोडून पाच दिवस झाले. आज फिरलं! आणि हो, पंख्यामागे तंगूस होता. रापणकर काका, तुमची पैज आमच्याकडेही लागू झाली.

---

रापणकर | १४ जुलै, संध्याकाळी ७:००

बरा झाला. आता इम्पेलर काढ आणि पात्या मोज.

---

वाघोटणकाठ | १९ ऑगस्ट, रात्री ८:५०

उशिराने लिहितोय, कामात अडकलो होतो. जुलैच्या शेवटी पिंपात पंचवीस मिनिटं सलग चालवलं. धार कमी झाली नाही, डोक्यावर हात ठेवता येतो. ऑईल जळाल्यावर दाब परत मोजला: १०६ आणि १०३. प्लग चॉकलेटी रंगाचे. नवा रंग दिला नाही, बाबा नको म्हणाले.

काल भरतीच्या वेळी होडीला लावलं. सोबत वल्ही, दोन्ही जाकिटं, मशीन बंद करायची दोरी बाबांच्या मनगटाला. बाबांनी चोक ओढला, दोन वेळा दोरी नुसती हलकी खेचली आणि तिसऱ्यांदा पूर्ण. पकडलं. खाडीच्या मध्यापर्यंत गेलो, वरच्या अंगाला वळलो, चाळीस मिनिटं झाली. मी सारखा घड्याळ आणि धार बघत होतो.

बाबांनी डावा हात मागे नेला आणि धारेखाली तळवा धरला. असा हात ते पूर्वी दर वेळी धरायचे, मी लहानपणी पाहिलंय. थोडा वेळ धरून ठेवला, मग माझा हात ओढून तिथे नेला.

"कोमट आहे," ते म्हणाले. "असंच पाहिजे."

घरी आल्यावर पिंपात दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवलं, पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत. पाच तास झाले की गिअरचं ऑईल काढून रंग बघणार आहे. दुधाळ दिसलं तर इथेच येऊन विचारतो.

---

रापणकर | १९ ऑगस्ट, रात्री ९:१०

पाच तास थांबू नको. पहिल्या फेरीनंतरच खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बघ. आणि बाबांना माझा नमस्कार सांग.